न विचारता छापलेलं नाव

मुलांनो, थोडा वेळ असं समजा, की तुम्ही पळस्प्याच्या अलीकडच्या एका गावात, एका घराच्या पडवीत बसला आहात. समोर चटई अंथरलेली आहे. चटईवर तपकिरी कापडाचे तुकडे, मण्यांच्या वाट्या, रेशमी दोरे आणि गोंदाच्या बाटल्या. सहा बायका गोल करून बसल्यात आणि त्यांचे हात आणि तोंडं दोन्ही चालू आहेत. तुम्हालाही एक काम मिळालंय. कापडी माशाच्या डोक्यावर दोन टपोरे पांढरे मणी चिकटवायचे, अगदी शेजारी शेजारी. चिकटवलेत? आता बघा, तो तुमच्याकडे बघून हसतोय की नाही!

हा मासा म्हणजे मडी. ‘मडी जंप’ नावाच्या मोबाइलवरच्या खेळातला. तो चिखलात उड्या मारतो, भरती आली की झाडांच्या मुळांवर चढतो आणि पडला की स्वतःलाच हसतो. आपल्या खाडीतली निवटी मासळी असते ना, अगदी तसा. म्हणून तर सातवीतल्या भाविकाला तो पहिल्या दिवसापासून घरचाच वाटला होता. राखीवर मडी बसवायची कल्पनाही तिचीच.

भाविकाची आई दिपिका कळंबोलीच्या एका गोदामात खोकी बांधायला जायची. बारा तास उभ्यानं काम. सकाळी सहाला घर सोडायची आणि परत यायची तेव्हा पायांच्या घोट्यांची हाडं दिसत नसत, इतके पाय सुजलेले. यंदा गावातल्या पाचजणींना बरोबर घेऊन तिनं राख्या करायचं ठरवलं आणि गोदामातून महिनाभराची सुट्टी मागून घेतली. कारण पनवेलच्या राखी प्रदर्शनाच्या आयोजक कुमुदताई तिला म्हणाल्या होत्या, “तुमचा माल लोकांना आवडला, तर माझ्या हॉलच्या दारातला स्टॉल मी वर्षभर, सगळ्या प्रदर्शनांना, तुम्हालाच देईन.”

वर्षभर! म्हणजे आईला पुन्हा गोदामात जायला नको. भाविका एकेक मणी चिकटवत होती तो त्या स्टॉलसाठी.

“पन भाविका, यो मासा हाय कोनाचा?” आईनं विचारलं. “आपन विकायचा, तर त्याच्या मालकाला इचारायला नको?”

“अगं, त्यांनी चाहत्यांसाठी नियमच लिहून ठेवलेत. हे बघ!” भाविकानं फोन पुढे केला आणि इंग्रजी वाचून मराठीत सांगितलं, “तुम्ही हातानं केलेल्या थोड्या वस्तू विकू शकता. बघितलंस? चालतं!”

त्या ओळीखाली आणखी अकरा ओळी होत्या. पण आनंदाच्या भरात भाविकानं फोन बाजूला ठेवला आणि गोंदाची बाटली उचलली.

गटातल्या सगळ्यात वडीलधाऱ्या भामाआत्या म्हणाल्या, “एवढ्या मोठ्या मनाची मानसं हायेत, तर त्यांचं नाव नको टाकायला? आपल्या गावात पान्याचं पिंप ठेवलं तरी वर सौजन्य लिवतात. कोनाचं फुकट घेऊन गप बसायची आपली रीत नाय.”

सगळ्यांना ते पटलं. खरंच, आपल्याकडे क्रिकेटचा चषक असो, हळदीचा मांडव असो की कुणाचा वाढदिवस, नावांशिवाय बॅनर लागतो का? मग राखीच्या पुठ्ठ्यावर खेळाचं बोधचिन्ह आलं, फोनमधून जसंच्या तसं उचललेलं, आणि त्याखाली ठळक अक्षरांत, ‘सौजन्य : मडी जंप’. छापखान्यातला प्रितेश पुठ्ठा लांब धरून म्हणाला, “एक नंबर! एकदम ब्रँडेड वाटतंय, वहिनी!”

प्रदर्शनाचे पहिले पाच दिवस भाविकाला कधीच विसरता येणार नाहीत. लहान मुलं दुरूनच “मडी! मडी!” ओरडत यायची. एका बाईंनी राखी हातात घेऊन विचारलं, “ओरिजिनल आहे ना?”

“वरिजनल म्हंजे?” भामाआत्या म्हणाल्या. “आमचं हात वरिजनल हायेत का नाय, ते बघून घे बाय!”

सगळ्या हसल्या. बाईही हसल्या. मग त्यांनी पुठ्ठ्यावरची ओळ वाचली आणि म्हणाल्या, “कंपनीचंच नाव आहे म्हणजे प्रश्न नाही.” त्यांनी चार राख्या घेतल्या. भाविकाला वाटलं, बरं झालं आपण नाव टाकलं!

सहाव्या दिवशी दुपारी एक गृहस्थ तरातरा स्टॉलपाशी आले. त्यांच्या कडेवर चार वर्षांची मुलगी होती. तिचं मनगट लालबुंद झालं होतं आणि त्यावर पाण्याचे फोड आले होते. त्यांनी दुकानातून आणलेली राखी तिनं हट्टानं आधीच बांधून घेतली होती. गृहस्थांनी एक पुठ्ठा टेबलावर आपटला. तेच बोधचिन्ह, तीच ओळ. पण पुठ्ठ्यावरचा मासा प्लॅस्टिकचा होता आणि त्याच्या उग्र वासाच्या रंगानं बोटं माखत होती.

“ही आमची नाही हो काका!” भाविका कळवळून म्हणाली. “आमचा मासा कापडाचा आहे!”

“छापलेलं तर एकच आहे!” ते म्हणाले. “कंपनीचं नाव वाचून घेतली ना मी! नाहीतर असला रंग पोरीच्या हाताला लागू दिला असता?”

कुणीतरी भाविकाच्या गटाची राखी नेली होती, पुठ्ठा तसाच्या तसा उतरवला होता आणि साच्यातून प्लॅस्टिकचे हजारो मासे काढले होते. पनवेलच्या बाजारात, पेणला, कर्जतला, सगळीकडे ते लटकत होते. तो कोण, हे शेवटपर्यंत कळलं नाही.

पालकांच्या तक्रारी खेळ तयार करणाऱ्यांपर्यंत पोचल्या आणि दोन दिवसांनी त्यांचं पत्र कुमुदताईंकडे आलं. त्यांनी दिपिकाला बाजूला नेलं. “मला फार वाईट वाटतंय गं. पण परवानगी नसताना त्यांचं नाव आणि चिन्ह छापलेला माल माझ्या हॉलमध्ये ठेवता येणार नाही. आज आवरा.” जराशानं खाली बघत त्या म्हणाल्या, “आणि दारातला स्टॉल... तो आता मी दुसऱ्यांना देतेय.”

त्या दिवशी पडवीत कुणी गोल करून बसलं नाही. “पोरीच्या नादानं आपन फसलो,” एकजण म्हणाली. दुसरीनं भामाआत्यांच्या सौजन्याचा उद्धार केला. आत्या पदरानं डोळे पुसत उठून गेल्या. राख्यांची खोकी भिंतीशी तशीच पडून राहिली.

भाविका मात्र रागानं धुमसत होती. “एवढी मोठी कंपनी! आणि सहा बायकांच्या पोटावर उठली! आम्ही चोरी केली का? मान दिला होता, मान!”

ओटीवर बळीराम आजोबा बसले होते. भाविकाच्या आज्याचे थोरले भाऊ. चाळीस वर्षं त्यांनी पनवेलच्या दुकानांच्या पाट्या रंगवल्या होत्या. त्यांनी शांतपणे विचारलं, “त्या पोरीचा हात भाजला, ती राखी कंपनीनं केली व्हती का?”

“नाही.”

“मग तिचा बाप शिव्या कोनाला देत असंल?”

भाविका म्हणाली, “पण आजोबा, आम्ही वाईट मनानं नव्हतं टाकलं.”

“वाईट मनानं कोनीच टाकत नाय गो. ऐक. अठरा वर्सं झाली. गावाची जमीन घ्यायला आलेल्या एका बिल्डरचा नाक्यावर बॅनर लागला; गाव त्याच्या इरोधात व्हतं. खाली शुभेच्छुक म्हनून बारा नावं. त्यात माझं, फोटोसकट. मना कोनी इचारलंच नवतं. छापनारा हात जोडून सांगत व्हता, बळीरामशेट, तुमचा मान म्हनून टाकला. पन गावानं वाचलं आन् धरून चाललं, बळीराम जमीन द्यायला राजी झाला. तुझा आजा, माझा सख्खा भाऊ. त्या दिसापासून तो माझ्याशी बोलला नाय.”

“मग तुम्ही खरं सांगितलं नाही?”

“घरोघरी जाऊन सांगितलं. बॅनर समद्या गावानं वाचला व्हता. माझं सांगनं किती जनांनी ऐकलं? तो गेला तवा पन आमचा अबोलाच व्हता. आता कोनाला सांगू?”

भाविकाला हे कुणी कधी सांगितलं नव्हतं. भिंतीशी पडलेल्या पुठ्ठ्यांवरची ती ठळक ओळ तिला एकदम वेगळीच दिसू लागली. अरे देवा! आपण मान दिलाच नव्हता! ‘ही राखी चांगली आहे, आम्ही सांगतो’ असं आपण त्यांच्या तोंडून बोललो होतो, आणि त्यांना याची खबरही नव्हती!

“फोन आन,” आजोबा म्हणाले. “त्या दिशी किती ओळी वाचल्यास?”

“एक.”

“आता समद्या वाच.”

तिनं मोठ्यानं वाचल्या. हातानं केलेल्या वस्तू थोड्या प्रमाणात जरूर विका. मडीचं चित्र तुम्ही स्वतः काढा. आमचं बोधचिन्ह वापरू नका. वस्तू आमची आहे किंवा आम्ही तिला मान्यता दिली आहे, असं वाटेल असं काहीही लिहू नका. चाहत्यानं केली आहे, असं स्पष्ट लिहा. शंका असेल तर आधी विचारा.

वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला. कापडी मासा चालत होता. सहाजणींनी करणं चालत होतं. स्टॉल चालत होता. चालत नव्हतं ते फक्त पुठ्ठ्यावर छापलेलं.

त्याच दुपारी तिनं खेळवाल्यांना माफीचं पत्र लिहिलं. काही लपवलं नाही. एकच ओळ वाचली होती, हेही लिहिलं. शेवटी विचारलं, बोधचिन्ह आणि नाव काढून टाकलं तर आम्हाला राख्या विकता येतील का?

तीन दिवसांनी उत्तर आलं. पत्र मायेनं लिहिलेलं होतं, पण त्यात भाविकाला हवं ते नव्हतं. ‘तू खरं लिहिलंस, याबद्दल आभार. आम्ही मोठी कंपनी नाही, चार माणसं आहोत. सध्या आमचा सगळा दिवस रंगानं हात भाजलेल्या मुलांच्या पालकांना उत्तरं देण्यात जातो. तुमचा माल कोणता आणि नक्कल करणाऱ्यांचा कोणता, हे आम्हाला ओळखता येत नाही. म्हणून चाहत्यांना वस्तू विकायची जी मुभा दिली होती, ती आम्ही सर्वांसाठीच काढून घेत आहोत.’

सर्वांसाठी! कुठेतरी कुणी मडीच्या लोकरी टोप्या विणत असेल. कुणी त्याची चित्रं रंगवून जत्रेत मांडत असेल. सगळे नियम पाळून. आता त्यांचंही थांबलं.

सोमवारी सकाळी आई डबा पिशवीत ठेवून गोदामात निघाली.

“आई, माझ्यामुळे...” भाविका म्हणाली.

“तुझ्या एकटीमुळं नाय,” आई चप्पल घालत म्हणाली. “मी तरी कुठं इचारलं, फुडं काय लिवलंय म्हनून?” आणि ती रिक्षा पकडायला गेली.

मुलांनो, आणि मुलांबरोबर हे वाचणाऱ्या मोठ्यांनो, आपल्याला एखादा खेळ आवडतो, एखादं चित्र आवडतं, तेव्हा ते आपलंच वाटू लागतं. वाटू दे. पण ते घडवणाऱ्यानं ‘इथपर्यंत ये’ असं सांगितलं असेल, तर ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा. आणि कुणाचंही नाव, मग ते कंपनीचं असो की शेजारच्या काकांचं, त्याला विचारल्याशिवाय कशावरही छापू नका. नाव म्हणजे त्या माणसाचा शब्द असतो. आपण तो परस्पर देऊन टाकला, की परत घेता येत नाही. आणि नंतर कितीही माफी मागितली तरी जे गेलं ते बहुतेक वेळा जातंच.

मग भाविकानं काय केलं?

राखीपौर्णिमेच्या आदल्या दिवशी तिनं एका खोक्याचा पुठ्ठा फाडून सपाट केला. त्यावर जाड अक्षरांत लिहिलं, ‘मडीच्या राखीवरचं सौजन्य खोटं आहे. ते आम्ही न विचारता छापलं. खेळ तयार करणाऱ्यांनी ही राखी पाहिलेलीही नाही. प्लॅस्टिकच्या राखीचा रंग हाताला लागतो. लहान मुलांना बांधू नका.’ मग ती पाचजणींकडे गेली आणि प्रत्येकीला विचारलं, “खाली तुमचं नाव लिहू का?” पाचहीजणींनी नको म्हटलं. भामाआत्यांनी तर दारच लोटून घेतलं. आई गोदामात होती. भाविकानं खाली एकच नाव लिहिलं. स्वतःचं, पूर्ण, गावासकट.

आजोबांबरोबर ती बाजारात गेली आणि राख्यांच्या गाड्यांसमोर पुठ्ठा धरून उभी राहिली. गर्दी मोठी होती. “कसली जाहिरात गं?” म्हणत एकजण न वाचताच पुढे गेला. एका बाईंनी अर्धं वाचलं, पण त्यांच्या मुलानं मडीसाठी भोकाड पसरलं, तेव्हा त्यांनी तीच प्लॅस्टिकची राखी घेतली. गाडीवाला खेकसला, “ए पोरी, धंद्याच्या टायमाला पुढून हट!”

भाविका हटली. तिनं पुठ्ठा दुसऱ्या हातात घेतला आणि ती पुढच्या गाडीसमोर जाऊन उभी राहिली.