मी मनकर्णाबाईंना खाल्लं नाही

मी चौसाळ्याच्या बंकटराव देशमुखांची मोटार बोलतेय. दचकू नका. मी माणूस खाल्लंय असं गाव म्हणतं, म्हणून माझ्या गोठ्यापुढून लोक आजही पाय उचलून चालतात.

निजामाच्या राज्यात आमच्या भागात मोटारी बोटांवर मोजण्याइतक्या. मी हैदराबादेहून आले, तेव्हा बंकटरावांच्या पत्नी मनकर्णाबाईंनी भाकरतुकडा ओवाळून मला घरात घेतलं. खंडेनवमीला माझी पूजा केली. काचेपुढचं पेट्रोलच्या टाकीचं झाकण उघडून मूठभर अक्षता आत सोडल्या. बैलाला घास भरवावा, तशा. आठ वर्षांची लेक सुंदर शेजारी उभी राहून बघत होती. फार जीव होता त्यांचा माझ्यावर.

त्याच हिवाळ्यात त्यांचं बाळंतपण अडलं. बीडच्या दवाखान्यात नेताना भर दुपारी मांजरसुंब्याच्या घाटात मी बंद पडले. टाकी भरलेली, पण थेंब खाली उतरेना. घशात काय अडकलंय ते मला कळत होतं, सांगता येत नव्हतं. "लवकर चला," म्हणत म्हणत मागच्या सीटवर त्या पोटातल्या बाळासकट गेल्या. थोड्या वेळानं दाणे आपोआप सरकले आणि हँडल मारताच मी सुरू झाले. बळी घेऊनच हलली, असं लोक बोलले.

नऊ वर्षं मला कडब्यात कोंडलं. मागच्या सीटवर काहीतरी हलायचं. उंदीर असतील, अशी मी समजूत घालायची. पण उंदीर "लवकर चला" म्हणत नाहीत.

यंदा तीच सुंदर पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली. बंकटरावांनी मला बाहेर काढलं, तर ती घरात पळाली. "आबा, मी न्हाई बसणार हिच्यात. आईला खाल्लं हिनं!"

शहादेव मिस्त्रीनं हँडल मारून पाहिलं. कार्बोरेटर कोरडाच. त्यानं नळी सोडून फुंकली, मग टाकी उतरवून परातीत उपडी केली. काकवीसारखं झालेलं पेट्रोल, गंज आणि तळाशी पिवळे दाणे.

"मालक, तांदूळ हायेत! टाकीत कावून टाकले कुणी?"

बंकटराव परातीवर वाकले. "तिनंच. मी बगत हुतो, हसलो बी हुतो." मग दाणे धोतराच्या सोग्यात बांधत म्हणाले, "पोरीला सांगू नगंस. तिच्या आईवर बोल नगं."

माझ्यावरचा बोल तसाच राहिला. मला त्याचं लई वाईट वाटलं, पण टाकी धुऊन नवं पेट्रोल भरताच मी सुरू झाले.

आज खंडेनवमी. बंकटराव शेतावर गेलेत. सुंदरचे दिवस भरलेत. ती अक्षतांचं ताट घेऊन एकटीच भीत भीत माझ्यापुढे उभी आहे.

"आईनं भरवला हुता, तसाच घास आणलाय. राग सोड. मला सुखरूप ने."

तिचा हात झाकणावर आहे. सुंदरबाई, मी तुझ्या आईला खाल्लं असंच समज हवं तर. पण ते झाकण उघडू नकोस.