मोजणी चालू असताना

१९७७ साली पुण्याच्या संस्थेतला आमचा कॉम्प्युटर दिवसातून एकदा तरी बंद पडायचाच. त्याचा मूळ प्रोग्रॅम आम्ही चौघांनी दोन वर्षं खपून लिहिला होता. शनिवारी संस्थेचे संचालक गंगाधरसाहेब म्हणाले, "सोमवारी पुन्हा बंद पडला तर तुमचा प्रोग्रॅम टाकून परदेशी घेतो. ऑर्डर देऊन ठेवलीय." मला असा संताप आला! छापील प्रोग्रॅमचं भेंडोळं पिशवीत कोंबलं आणि एसटीनं विंझरला घरी आले.

चूक सापडली होती, दुरुस्त होत नव्हती. मशीनला जोडलेल्या सगळ्या टर्मिनलांवर टाइप केलेली नावं तिच्या स्मृतीतल्या एकाच कप्प्यात उतरायची. प्रोग्रॅम आधी अक्षरं मोजायचा, तेवढी जागा करायचा, मग नाव उचलायचा. मधेच दुसऱ्या टर्मिनलची हाक आली की काम टाकून तिकडे धावायचा. परत येईपर्यंत कप्प्यात दुसरंच, लांबलचक नाव! जादा अक्षरं शेजारच्या मजकुरावर सांडायची आणि मशीन ठप्प. मी त्याला दोनदा मोजायला लावलं, तीनदा लावलं. रोग तोच.

रविवारी खळ्यावर बाबा भात मोजत होते. राशीची पूजा त्यांनी छप्पन साली धर्म बदलला तेव्हाच सोडली. मोजताना बोलायचं नाही, हा नेम मात्र सोडला नाही. पहिल्या पायलीला एक न म्हणता 'लाभ' म्हणून त्यांनी सुरुवात केली. इतक्यात शेजारचे साहेबराव बांधावरून ओरडले, "कोंडिबा, तुजा बैल सुटला रं!"

बाबांनी मानही वळवली नाही. शेवटची पायली पोत्यात गेली, तोंड शिवलं, मग म्हणाले, "हां, बोल आता."

"बाबा, बैल गेला ना तिकडं!" मी चिडले.

"बैल काय, गावतोय. मोजनी मोडली तर समदी रास पुन्यांदा मोजाया लागती, पोरी."

मी पिशवीतलं भेंडोळं काढून उलगडलं. मशीनला मी पुन्हा पुन्हा मोजायला शिकवत होते. तिला घटकाभर बहिरं व्हायला शिकवायचं होतं.

सोमवारी पहिल्या एसटीनं संस्था गाठली. फक्त दोन ओळी घातल्या: मोजण्याआधी हाका अडवायच्या, नाव उचलून झालं की सोडायच्या. मग सगळ्या टर्मिनलांवर माणसं बसवली आणि बजावलं, "थांबायचं नाही. लांब, आखूड, वाट्टेल ती नावं टाका." संध्याकाळचे सहा वाजले तरी मशीन चालूच होती.

"बरंय," गंगाधरसाहेब म्हणाले, "पण परदेशी ऑर्डर आठवडाभर राहू दे. बघू."

"नाही साहेब. सोमवार म्हणाला होतात. आज सोमवार आहे."

ते टेलिफोनवर ऑर्डर रद्द करेपर्यंत मी त्यांच्या दारातून हलले नाही.