वगळण्याच्या यादीतलं गाणं

बावन्नाव्या वर्षी मी वाचायला शिकलो आणि साठीत बॅकअपचा प्रोग्रॅम सोर्स कोडपासून बांधला. आमच्या बेटावरच्या प्रत्येकाला धक्क्यावर गाठून मी हे सांगितलं आहे. आमची गाणी-गोष्टी रेकॉर्ड करून ठेवणाऱ्या भाषा केंद्रातला संगणक इतका जुना, की त्याच्यासाठी तयार प्रोग्रॅम कुणी ठेवतच नाही. कोड उतरवून आपल्याच यंत्रावर बांधावा लागतो. सूचना मी बोट ठेवून मोठ्याने वाचल्या. तीन दिवस यंत्र 'अमुक लायब्ररी सापडत नाही' म्हणत होतं आणि मी आणून देत होतो. चौथ्या दिवशी बांधणी पुरी झाली, तेव्हा नवी होडी पाण्यात सोडल्यासारखा नाचलो.

मग सेटिंगची फाइल आली. काय जपायचं, काय वगळायचं, ते तिच्यात लिहायचं. थोरल्या बहिणीला जाऊन तेव्हा दोनच महिने झाले होते; तिने गायलेलं गाणं त्याच संगणकात होतं. आमच्या घरात थडग्यावरचा दगड उघडेपर्यंत, म्हणजे त्यावरचं कापड समारंभाने काढेपर्यंत, गेलेल्याचा आवाज लावत नाहीत. नक्कल करताना यंत्र तिचं गाणं वाजवणार, असं मी धरून चाललो आणि तिचा फोल्डर वगळण्याच्या यादीत घातला. कुणाला विचारलं नाही. एवढा शिकलेला माणूस विचारेल कशाला?

दगड उघडण्याच्या आठवड्यातच हार्ड डिस्क गेली. बहिणीची मुलगी मलेटा आईचं गाणं ऐकायला केर्न्स शहरातून आलेली. बॅकअपमधून सगळं परत आलं, माझ्या वाचनाच्या सरावाची अठ्ठावीस रेकॉर्डिंगंसुद्धा.

"अवा, आईचं गाणं?" मामाला आमच्याकडे अवा म्हणतात.

मी खरं ते सांगितलं.

"नक्कल करताना यंत्र गायला लागतं, असं वाटलं तुला?"

"तेव्हा वाटलं खरं."

ती बराच वेळ रडली. मग म्हणाली, "तुला येतं ना ते? गा मग."

दगडावरचं कापड निघालं. खडकांमधून होडी काढायची वाट सांगणारं ते गाणं मी सुरू केलं. दुसऱ्याच ओळीला आमची म्हातारी चुलती, आका डोरका, ओरडली, "थांब रे! या वाटेने गेलास तर बुडशील! आधी कासवांचा खडक!" मग तीच गायला लागली. ती अडली, तेव्हा बाकीच्या बायका धावून आल्या. मलेटा फोन धरून उभी होती. निम्मं गाणं भरलं, निम्मी माझी खरडपट्टी.

जेवणं झाल्यावर तिने ते पुन्हा लावलं.

"आईचा आवाज नाही यात."

"नाही."

"खडक तरी सगळे आले?"

"आले," मी म्हणालो. "माझ्यामुळे नाही."