उघड्या तोंडाचं यंत्र

जीप देवळापाशी थांबली तेव्हा भिकाजी पाष्टे करदोट्याची किल्ली सोडवून सदऱ्याच्या वरच्या खिशात ठेवत होता. अर्धी आत, अर्धी बाहेर. पुण्याच्या साहेबाला मागावी लागू नये, आणि वाडीतल्यांना दिसावी.

त्या किल्लीने भिकाजीला काय काय मिळालं होतं, ते वाडीला पाठ होतं. गिरणीचा संप चिघळल्यावर तो ट्रंक घेऊन मुंबईहून परतला, तेव्हा ग्रामपंचायतीत त्याला कोणी बस म्हणत नव्हतं. वैशाखात हवामान खात्याने वाडीवरच्या सड्यावर, उघड्या कातळाच्या पठारावर, तारेचं कुंपण घालून पाऊस मोजणारं यंत्र बसवलं आणि देखरेखीला भिकाजीला नेमलं. तेव्हापासून पंचायतीत खुर्ची मिळाली, लग्नाच्या यादीत नाव वर सरकलं, शाळेचे मास्तरही ‘आज काय लक्षण?’ म्हणून विचारू लागले. भिकाजी आभाळाकडे न बघताच सांगायचा. किल्लीवाल्याने आभाळ कशाला बघायचं?

काम म्हणाल तर आठवड्यातून एकदा सडा चढायचा, मापकाच्या तोंडात पालापाचोळा अडकला असेल तर काढायचा, वहीत सही करायची. बाकीचं यंत्र आपणहून करी. पडलेल्या पावसाचा आकडा ते तासातासाला वरच्या उपग्रहाला कळवी आणि उपग्रह तो खात्याला. उपग्रह नवा, गेल्या वर्षी सोडलेला. त्याच्या आधीचा काही महिन्यांतच निकामी झाला होता, म्हणून खात्याची माणसं आता ताकही फुंकून पीत होती. वरून दिसणारे ढग आणि खाली पडणारा पाऊस यांचा मेळ लागतो की नाही, ते याच पावसाळ्यात तपासायचं होतं.

मेळ लागत नव्हता. आषाढात ओढ्याने दोन साकव वाहून नेले, आणि भिकाजीचं यंत्र सव्वीस दिवस कळवत होतं, पाऊस शून्य.

जागेत दोष आढळल्यास यंत्र मिरजोळ्याच्या औद्योगिक वसाहतीत हलवण्यात येईल, असं खात्याच्या पत्रात सरळ लिहिलं होतं. तिथे पहारेकरी होता. पत्र पोचलं ते साहेब यायच्या आदल्या संध्याकाळी. तेव्हाही चढून बघता आलं असतं, पण पाऊस नुसता मी मी म्हणत होता, वाट शेवाळलेली होती, आणि भिकाजीचे गुडघे गिरणीतच झिजले होते. वहीतल्या मागच्या चारही सह्या त्याने ओटीवर बसूनच केल्या होत्या.

साहेब तरुण निघाला. सबनीस त्याचं नाव. चढताना दोनदा घसरला आणि दोन्ही वेळा स्वतःलाच हसला. भिकाजी त्याला वाटभर कारणं पुरवत होता. वीज कडाडली असेल, वांदरांनी वायर ओढली असेल, खारा वारा बाधला असेल. साहेबाने सगळी ऐकून घेतली.

“पाष्टे, आमच्याकडे दोन पक्ष पडलेत,” तो म्हणाला. “एक म्हणतो खालचं यंत्र खोटं, दुसरा म्हणतो वरचा उपग्रहच खोटा. मी वरच्याच्या बाजूने भांडून आलोय.”

“वरच्यावर शंका घेनारे आपन कोन, साहेब,” भिकाजी म्हणाला.

कुंपणाचं दार उघडंच होतं. आत यंत्राची पेटी, उन्हावर वीज करणारी पाटी, उपग्रहाकडे तोंड केलेला खांब, सगळं लख्ख. आणि मापकावर इरलं. भातलावणीला बायका पाठीवर घेतात ते, बांबूच्या कामट्यांचं, आत पानं भरलेलं. काथ्याने चारी बाजूंनी आवळून बांधलेलं, वाऱ्याने उडू नये म्हणून कडांवर दगड ठेवलेले. सड्याखालच्या खाचरातली सुंदराबाई पदर पिळून त्याच पदराने पेटी पुसत होती.

भिकाजीच्या तोंडचं पाणी पळालं.

“हे इरलं कोणी घातलं?” साहेबाने विचारलं.

“मी,” सुंदराबाई म्हणाली. “बाकी सगळ्यांना झाकनं हायत. ह्या एकट्याचंच तोंड उघडं. रात्रंदिस पानी पोटात जातंय त्याच्या.”

साहेबाने चटकन रुमाल तोंडाला लावला. हसू आवरल्यावर विचारलं, “पण बाई, याची एवढी काळजी घ्यायला तुम्हाला सांगितलं कोणी?”

“भावोजींनी,” तिने भिकाजीकडे बोट दाखवलं.

मग तिने सगळं सांगितलं. दिवाळीनंतर दर्यात वादळ उठलं, तेव्हा तिचा धाकू केळशीच्या एका होडीवर होता. रेडिओने आदल्या दुपारीच सांगितलं, होडी खाडीत वळली, पोरगा वाचला. रेडिओला कळवलं वरच्या उपग्रहाने, आणि वरच्याला सगळं सांगतं ते हे सड्यावरचं यंत्र. ह्याला काही झालं तर वरचा आंधळा होईल. असं भावोजींनी चार माणसांत सांगितलं होतं. वादळ कार्तिकातलं आणि यंत्र वैशाखातलं, एवढा हिशेब भिकाजीने मध्ये येऊ दिला नव्हता. गवत काढण्यासाठी म्हणून दुसरी किल्ली त्याने तिला दिली होती आणि परत मागायची विसरला होता. ती रोज सकाळी चढत होती.

“माजा पोर घरी आला,” ती म्हणाली. “देवाला नारळ देता येतो, साहेब. ह्याला काय द्यायचं?”

साहेबाचं हसू विरलं. तो खाली बसला, काथ्याच्या गाठी एकेक करून सोडल्या, इरलं दोन्ही हातांनी उचलून तिच्याकडे दिलं. ह्याचं कामच भिजायचं आहे, पोटात जाईल तेवढं पाणी हे मोजतं, हे त्याने तिला शाळकरी पोराला सांगावं तसं नव्हे, आईला सांगावं तसं सांगितलं. तेवढ्यात मापकाच्या आत ‘टक्’ झालं. मग पुन्हा एकदा.

“वरचा खरा होता,” साहेब आपल्याशीच पुटपुटला.

मग त्याने वही मागितली. चार सह्या, प्रत्येकीपुढे ‘तोंड साफ आहे’. त्याने भिकाजीला बाजूला घेतलं.

“कारण लिहावं लागेल, पाष्टे. गावकऱ्यांनी छेडछाड केली असं लिहिलं तर यंत्र मिरजोळ्याला जाईल आणि ठपका बाईंवर येईल. तुमच्यावर काही येणार नाही.”

पलीकडे सुंदराबाई ओशाळून उभी होती. भिकाजीने बघितल्यावर म्हणाली, “भावोजी, चुकलंच माजं. पन तुमचे उपकार हायत. तुमी सांगितलंत म्हनून तरी कळलं कुनी वाचवला त्याला.”

भिकाजीने साहेबाच्या हातातलं पेन घेतलं. वहीवर छत्री धरायला साहेबाला सांगितलं आणि सावकाश लिहिलं: ‘देखरेख करणारा सव्वीस दिवस सड्यावर आला नाही. सह्या घरी केल्या. जागेत दोष नाही.’ खाली पाचवी सही केली. मग खिशातली किल्ली काढून वहीवर ठेवली.

“एक किल्ली वैनींकडं हायच. देखरेखीला नाव त्यांचं घाला. ही तुमी घेऊन जा.”

साहेबाने किल्ली उचलून खिशात ठेवली.

खाली आल्यावर जीपमध्ये बसून त्याने तालुक्याच्या मापकावरून हुकलेल्या दिवसांची बेरीज केली. अकराशे मिलिमीटर, तो म्हणाला, आणि भिकाजीचे हात हातात घेऊन आभार मानून निघून गेला.

भिकाजी देवळाच्या पायरीवर टेकला. साहेबाचा उपग्रह खरा ठरला. गावाचं यंत्र गावात राहिलं. आपली किल्ली गेली, उद्या खुर्चीही जाईल, ठीकच आहे. समोरच्या खाचरात सुंदराबाई इरलं पाठीवर घेऊन लावणीला वाकली होती. या सव्वीस दिवसांत त्याने तिला कितीदा तरी बोडक्या पाठीने वाकलेली बघितली होती. एकदा बांधावरून विचारलंही होतं, वैनी, इरलं उंदरांनी खाल्लं काय? ती नुसती हसली होती, आणि तोही.

अकराशे मिलिमीटर. यंत्रावर त्यातला थेंब पडला नव्हता.