गाळाचं सूत्र

निवृत्त प्राध्यापकांचं जावयाशी कधी पटलंच नाही. एकेकाळी तो त्यांचाच विद्यार्थी; तेव्हाही तो त्यांच्या डोळ्यांत खुपायचा. मुलीने त्याच्याशी लग्न केल्यापासून तर ते त्याचा उल्लेखच 'ते ध्यान' असा करत.

मुलगी भेटायला आली तेव्हा त्यांनी तिला कॉम्प्युटरपुढे बसवलं. "आपल्या विषयाच्या जर्नलमध्ये नवा लेख आला की मला लगेच कळलं पाहिजे. रोज साइट उघडून बघायचा वैताग आलाय."

तिने जर्नलच्या पानावरची फीडची लिंक उचलून एका रीडरमध्ये टाकली. "झालं. लेख आला की इथे आपोआप दिसेल. पण बाबा, हे वाचायला हवंय की त्याच्यावर टपून बसायला?"

"दोन्हीला."

आणि बसलेच टपून. जावयाचा लेख झळकला रे झळकला की चहा निवायच्या आत संपादकाला खरमरीत पत्र: आकृती चुकीची, संदर्भ शिळे. जावई एकदा फोनवर म्हणाला, "सर, माझा लेख आल्याचं मला तुमच्या शिव्यांवरूनच कळतं." त्यांनी फोन आपटला.

मग एका सकाळी फीडमध्ये नवं शीर्षक आलं: धरणात गाळ साचण्याच्या जुन्या सूत्राची फेरतपासणी. खाली जावयाचं नाव, पुढे 'आणि इतर'. जुनं सूत्र म्हणजे त्यांचं स्वतःचं, उभ्या आयुष्याची कमाई. लेख न उघडताच त्यांनी जावयाला फोन लावला. उचलला मुलीने.

"दे त्या ध्यानाला! माझ्या सूत्राला हात लावतो? गाळाचा एक नमुना तरी काढलाय का त्याने जन्मात?"

"नाही काढला. नमुने मी काढलेत. गणितही माझंच. लेख उघडा तरी."

त्यांनी उघडला. दुसरं नाव तिचं होतं.

"तूही त्याला फितूर झालीस?"

"सूत्र चुकलंय, बाबा. मागे घरी येऊन सांगितलं होतं. तुम्ही म्हणालात, नवऱ्याची पोपटपंची करू नकोस."

"आजही तेच म्हणतो."

"मग लिहा संपादकाला. माझं नाव मात्र पूर्ण लिहा." तिने फोन ठेवून दिला.

दुपारपर्यंत त्यांनी तिचे तक्ते उलटेसुलटे तपासले. एकही आकडा चुकीचा निघेना. तरी पत्र गेलंच: 'या लेखिकेला विषयाचा गंधही नाही.' संपादकाने ते छापलं नाही, फक्त लेखिकेकडे पाठवून दिलं.

त्यानंतर मुलगी आली नाही, तिचा फोनही नाही. बायकोने एकदा न राहवून विचारलं, "कशी असेल हो ती?"

"काही छापून आलं की कळेल," ते रीडरवरची नजर न हलवता म्हणाले.