प्लॅटिनमच्या तारेसमोर

मी बोलतेय ती बोटभर उंचीच्या काचेच्या बाटलीतून. दिसायला मी निव्वळ काळी पूड. धुराड्यातून झाडून आणली म्हटलं तरी कोणी शंका घेणार नाही. पण माझ्या कणाकणात लोखंड आहे, आणि त्याचा एकेक अणू सुटा आहे. खिळ्यात हेच अणू दाटीवाटीने बसतात. माझ्यात प्रत्येकाला वेगळी जागा आहे आणि चार बाजूंनी चार नायट्रोजननी त्याला घट्ट धरून ठेवलंय.

मला जन्म दिला ताईने. ताई या प्रयोगशाळेत डॉक्टरेट करते, एका लहान लेकीची आई आहे. लोखंडाचा क्षार, नायट्रोजन असलेलं एक पांढरं द्रव्य आणि कोळशाची भुकटी तिने हात भरून येईपर्यंत खलात घोटली. मग जिच्यातली हवा काढून टाकली होती अशा भट्टीत मला लालबुंद तापवलं. तेवढ्यावर भागलं नाही. जे अणू गठ्ठे करून बसले होते, त्यांना तिने आम्लात धुऊन बाहेर काढलं. मला ते फार कठोर वाटलं. पण गठ्ठ्याच्या आत दडलेला अणू कामाला येत नाही, हे खरंच आहे.

माझं काम सांगते. फ्युएल सेलमध्ये एका बाजूने हायड्रोजन येतो, दुसऱ्या बाजूने हवेतला ऑक्सिजन. दोघांचं पाणी होतं आणि होता होता वीज मिळते. धूर नाही, काजळी नाही. मात्र ऑक्सिजन मोठा आळशी, त्याला हाताला धरून उठवावं लागतं. आजवर ते काम प्लॅटिनमने केलं. पण प्लॅटिनमची किंमत ऐकूनच माणसं मागे सरतात. साध्या घरातल्या दिव्यापर्यंत ते कशाला पोहोचेल? तेच काम लोखंडाकडून करून घ्यायचं, हा मॅडमचा ध्यास.

मॅडम म्हणजे ताईच्या मार्गदर्शक. त्यांचे केस याच खोलीत पिकले. लोखंडाच्या नादी लागल्या म्हणून बरोबरीचे लोक त्यांची टर उडवायचे, त्या ऐकून घ्यायच्या. मूल लहान आहे म्हणून ताईला कोणी विद्यार्थिनी म्हणून घेत नव्हतं, तेव्हा त्यांनी घेतलं. लेकीला ताप आला की त्या ताईला घरी पिटाळायच्या आणि भट्टीपाशी स्वतः बसायच्या. ताईने त्यांना आईच्या जागी मानलं होतं.

माझी परीक्षा अशी व्हायची. चिमूटभर मला शाईसारखं कालवून एका चकतीवर थेंब वाळवायचा. ती चकती आम्लात गरागरा फिरवायची आणि खालून ऑक्सिजनचे बुडबुडे सोडायचे. विजेचा फेरा पुरा व्हायला समोर आणखी एक टोक लागतं, तिथे प्लॅटिनमची तार. आम्लात गंजत नाही म्हणून मॅडम पहिल्यापासून तीच लावत आल्या होत्या. पडद्यावर रेघ उमटायची. रेघ जितकी वर, तितकं माझं काम चांगलं.

पहिल्या दिवशी माझी रेघ बेताची होती. मग त्याच चकतीवर ती रोज थोडी वर सरकू लागली. मॅडमचा चेहरा उजळला. हिला सरावाने बळ येतंय, असं त्या येईल त्याला सांगू लागल्या. निवृत्ती तोंडावर आली होती, आयुष्यभराच्या कष्टांचं चीज झालं होतं. बाहेरच्या तज्ज्ञांना माझी रेघ दाखवायचं ठरलं. त्यावरच ताईची पदवीही ठरणार होती.

मला मात्र सगळं कळत होतं. ती तार आम्लात कणाकणाने विरघळत होती आणि तिचे अणू येऊन माझ्या अंगावर बसत होते. ऑक्सिजन मला ओलांडून त्यांच्याकडे जाई. काम त्यांचं, नाव माझं. कौतुक ऐकताना मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

ताईलाही चैन पडत नव्हतं. वापरून वापरून सुधारतं असं जगात काय असतं, असं तिने काचसामान धुणाऱ्या मामांना विचारलं. मामा म्हणाले, नवरा, आणि तोही सगळ्यांचा नाही. ती हसली, पण मनातला किडा काही जाईना. शेवटी तिने तार काढली आणि तिच्या जागी पेन्सिलीतल्या शिशासारखी, प्लॅटिनमचा कणही नसलेली एक कांडी लावली. चकती घासून लख्ख केली आणि बाटलीतून नवी चिमूट घेतली.

रेघ निम्म्यावर आली आणि तिथेच राहिली. ताईने पुन्हा केलं, पुन्हा तेच. ती स्टुलावर बसून राहिली. पदवी हातची जाणार हे दुःख होतंच, पण मॅडमना सांगायचं कसं, हे तिला कळेना.

"मॅडम, ती रेघ आपल्या पुडीची नाहीये," तिने सांगितलं. "तारेची आहे."

मॅडमनी दोन्ही रेघा पाहिल्या. मग त्या उठल्या आणि त्यांनी कपाट उघडलं. आत माझ्या थोरल्या बहिणी होत्या, मॅडमनी उभ्या आयुष्यात केलेल्या साऱ्या काळ्या पुडी. प्रत्येकीची परीक्षा त्याच तारेसमोर झाली होती.

ताई घाबरली. "या एकीचंच सांगू या ना मॅडम. जुन्यांचं कोणी विचारणार नाही."

"मी विचारतेय ना," मॅडम म्हणाल्या. "काढ सगळ्या."

सगळ्यात जुनी पूड त्यांनी स्वतः चकतीवर लावली. तिच्यावरच त्यांना त्यांची पदवी मिळाली होती. कांडीसमोर तिची रेघ जवळजवळ तळालाच आडवी पडली. मॅडम शेवटपर्यंत बघत राहिल्या. "ही काही करतच नव्हती गं," त्या म्हणाल्या आणि पदराने चष्मा पुसून त्यांनी दुसरी बाटली उघडली. काहींच्या रेघा थोड्या वर राहिल्या, बऱ्याच खाली आल्या. मला रडता येत असतं तर मी त्या दिवशी रडले असते.

तज्ज्ञ आले. मॅडमनी माझ्या दोन्ही रेघा एकाच पडद्यावर लावल्या. जुन्या बहिणींचंही सगळं सांगितलं, कशावरही पांघरूण घातलं नाही. मग त्या म्हणाल्या, "वरची तारेची. खालची आमची."

मला वाटलं, आज माझं काम माझ्या नावावर लागलं.

ताईची पदवी लांबली आहे. मॅडम निवृत्त झाल्या, तरी सकाळी येतात आणि खल घेऊन बसतात. मीही आता थोडीच उरलेय. उद्या मला खऱ्या सेलमध्ये भरतील. तिथे काम करता करता माझे अणू एकेक करून सुटतील आणि मी संपेन. त्याचं मला वाईट वाटत नाही. माझ्यामागून येणाऱ्या पुडींना हातात धराल तेव्हा एवढं करा, आधी समोरच्या टोकाला काय लावलंय ते बघा. आमची रेघ खाली आली तर येऊ द्या. मी फार काही करत नाही, पण जे करते ते मीच करते.