कस्तुराबाई कुजबुजल्या

बेंबळी गावात कस्तुराबाई बोलू लागल्या की शेजारच्या कोंबड्या अंग चोरायच्या. रागावल्या म्हणून नव्हे, त्यांचा साधा आवाजच तसा होता.

सून राजनंदिनी कळंबच्या एका शाळेत शिकवायची. तिला माहेरी आई नव्हती, म्हणून बाळंतपण सासरीच ठरलं होतं. सातव्या महिन्यात कस्तुराबाई तिला धाराशिवला तपासणीला घेऊन गेल्या. रक्तदाब जरा वाढलेला निघाला. सून वजनकाट्याकडं गेली तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सासूला समजावलं, "आईला सतत ताण असला की तिच्या अंगात कॉर्टिसोल नावाचं संप्रेरक वाढतं. त्यातलं थोडं वारेतून बाळापर्यंत जातं. जन्मल्यावर बाळाच्या रक्तातल्या साखरेवर त्याचा परिणाम होऊ शकतो. होईलच असं नाही. पण घरात शांतता ठेवा."

यातली शांतताच कस्तुराबाईंच्या डोक्यात सगळ्यात घट्ट बसली. एसटीत बसल्या बसल्या त्यांनी ओळखलं, नातवंडाचा वैरी आपल्याच गळ्यात बसलाय.

दुसऱ्या दिवसापासून त्या कुजबुजू लागल्या. "चहा घेतीस का?" हे त्या इतकं हळू विचारायच्या की राजनंदिनीला तीनदा "काय?" म्हणावं लागायचं. मिक्सर कपाटात गेला. भाजीवाल्याला त्यांनी खुणेनं अर्धा किलो वांगी सांगितली, तो दोन किलो ओतून गेला. मुलगा दिग्विजय मोटारसायकल गल्लीच्या तोंडाशीच बंद करून ढकलत आणायचा आणि दारात घाम पुसायचा.

आठ दिवसांत सुनेचं ताट अर्धं परत येऊ लागलं. अजून आपलाच आवाज मोठा होतोय असं वाटून कस्तुराबाई आणखी हळू झाल्या.

एका दुपारी राजनंदिनी मुसमुसताना दिसली.

"आत्या, खरं सांगा. माझ्या बाळाला काय झालंय?"

"काय न्हाय गं," सासूबाई कुजबुजल्या. त्यासरशी ती हुंदके देऊन रडू लागली.

"अगं, काय बी झालं न्हाय! बाळ ठणठणीत हाय!"

पत्र्यावरची कबुतरं उडाली. शेजारची तारामती पिठाच्या हातानंच धावत आली. राजनंदिनी रडता रडता हसायला लागली. "हुश्श! तुम्ही अशा हळू बोलायला लागलात, मला वाटलं डॉक्टरांनी काहीतरी भयंकर सांगितलंय."

तारामती परत गेल्यावर कस्तुराबाईंनी त्या संप्रेरकाची सगळी हकीकत सांगितली. राजनंदिनी मान हलवत म्हणाली, "तुमच्या आवाजाचा मला ताण न्हाय, आत्या."

"मग कशाचा?"

तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "नोकरीचा. बाळ झाल्यावर सोडावी लागंल का, हे विचारायचं धाडसच होत न्हाय."

तीन वर्षं आपण या पोरीशी एवढं बोललो, पण तिला कधी काही विचारलंच नाही, हे कस्तुराबाईंना आत्ता उमगलं. त्यांना स्वतःचीच थोडी लाज वाटली.

"सोडतीस कशाला? कळंबात खोली घेऊ. तू शाळंत जा, म्या बाळापाशी बसते."

"आणि इथली म्हैस?"

"दिग्विजय पिळंल की."

"त्यांना येतं?"

"म्हशीला येतं. ती शिकवंल."

दिवस भरल्यावर मुलगी झाली. नर्सनं तिच्या टाचेतून रक्ताचा थेंब घेतला. साखर किंचित कमी भरली. "घाबरू नका. पहिल्या काही तासांत असं पुष्कळ बाळांचं होतं. दूध पाजा, पुन्हा बघू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. तरी आपल्या त्या आठ दिवसांच्या कुजबुजीनं तर घात केला नाही ना, या विचारानं कस्तुराबाई पाळण्यापासून हलेनात. बाळानं मात्र चुटुचुटु दूध ओढलं आणि दुसऱ्या तपासणीत साखर नीट निघाली.

रजा संपल्यावर कळंबच्या खोलीतून राजनंदिनी पहिल्यांदा शाळेला निघाली. उंबऱ्यावरून ती दोनदा मागं फिरली, दोनदा बाळाचा पापा घेतला. तिसऱ्यांदा वळली तेव्हा कस्तुराबाईंनी तिची पर्स तिच्या खांद्याला अडकवली आणि दार लोटून घेतलं.